दुसऱ्या वर्षाला किती मुली उरल्या?

दहावीचा निकाल लागला की महिनाभर घरोघरी एकच विषय असतो. कुणाला कुठे प्रवेश मिळाला! आयटीआयचे अर्ज भरायला नेट कॅफेत गर्दी होते, प्रवेशाच्या फेऱ्यांमागून फेऱ्या होतात, आणि मग पेपरात बातमी येते की यंदा मुलींचा ओढा तांत्रिक ट्रेडकडे वाढला. वाचून बरं वाटतं. पण त्याच मुलींपैकी दुसऱ्या वर्षाला किती उरल्या, याची बातमी मी तरी कधी वाचलेली नाही.

बचत गटांच्या कामामुळे माझं तालुक्यातल्या गावांमधून फिरणं होतं. मागच्या वर्षी मोठ्या हौसेनं वीजतंत्रीला किंवा जोडारीला गेलेली मुलगी या वर्षी घरात शिवणयंत्रावर बसलेली दिसते. 'का गं सोडलंस?' विचारलं तर तिच्या आधी आजूबाजूचेच उत्तर देतात, 'तिला नाही झेपलं.' या तीन शब्दांत सगळे मोकळे होतात. कॉलेज मोकळं, घर मोकळं. ठपका तेवढा त्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरीवर.

खरं सांगायचं तर कुठलीही मुलगी एका दिवसात शिक्षण सोडत नाही. आधी ती सोमवारी येत नाही. मग दर महिन्याला ठरावीक चार दिवस येत नाही, कारण वर्कशॉपच्या आवारात मुलींसाठी धड स्वच्छतागृह नसतं आणि असलं तर त्याला कुलूप. दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवडाभर उशिरा येते. तुळशीचं लग्न लागलं की घरात स्थळांची बोलणी सुरू होतात. ऊसतोडीला जाणारं कुटुंब असेल, तर आईबाप कारखान्यावर गेल्यावर धाकट्या भावंडांचा सगळा कारभार तिच्यावर येतो. हे सगळं हजेरीपटावर दिसत असतं. नुसतं बघणारं कुणी हवं!

आयटीआयमध्ये परीक्षेला बसायला ऐंशी टक्के हजेरी लागते. नियम योग्यच आहे, हातानं काम केल्याशिवाय कारागीर घडत नाही. पण या नियमाचा उपयोग कसा होतो बघा. वर्षाच्या शेवटी हिशेब मांडायचा आणि सांगायचं, 'तुझी हजेरी कमी आहे, फॉर्म भरता येणार नाही.' तोवर ती मनानं कधीच गेलेली असते. माझं म्हणणं एवढंच की हजेरीपटाचा उपयोग नाव कापण्याआधी सावध होण्यासाठी व्हायला हवा. सलग तीन दिवस मुलगी आली नाही तर चौथ्या दिवशी तिच्या घरी फोन गेला पाहिजे. रागवायला नव्हे, काय झालंय ते विचारायला.

आमच्या भागातल्या एका आयटीआयमध्ये एक निदेशक हे काम स्वतःहून करतात. त्यांच्या वीस जणांच्या वीजतंत्रीच्या तुकडीत तीन मुली होत्या. त्यातली एक यायची बंद झाली तेव्हा त्यांनी फोन केला, कुणी उचलला नाही, तर एका रविवारी बायकोला बरोबर घेऊन ते सरळ तिच्या गावी गेले. (बायकोला नेलं हे मला फार शहाणपणाचं वाटलं. एकटा मास्तर मुलीच्या घरी गेला असता तर गावानं दुसरंच काही काढलं असतं.) घरचे म्हणाले, 'लग्नाचं बघतोय.' पण बायका-बायका चुलीपाशी बसल्यावर वेगळंच निघालं. पोरीला व्हर्नियर कॅलिपर वाचता येत नव्हता. दशांश अपूर्णांक शाळेतच कच्चे राहिलेले. वर्गात एकदा चुकीचं माप सांगितलं आणि सतरा मुलं हसली. तेव्हापासून तिचं पोट दुखायला लागलं होतं. स्थळं बघणं नंतर आलं!

पुढे त्या सरांनी काही मोठं केलं नाही. मधल्या सुट्टीत अर्धा तास अपूर्णांक घेतले, महिना-दीड महिना. तिला एकटीला बसवलं नाही, कच्च्या असलेल्या पाच मुलांनाही बसवलं, त्यामुळे तिला वेगळं पडल्यासारखं झालं नाही. मुलगी पास झाली. आता शिकाऊ उमेदवारी करते आहे.

असं काम एका सरांच्या चांगुलपणावर का सोडायचं? पहिल्याच आठवड्यात साध्या गणिताची तोंडी चाचणी घेतली तर कोण कुठे अडणार ते तेव्हाच कळेल. प्रत्येक तुकडीला एक पालक-निदेशक कागदावर असतो म्हणे. मग त्यानं महिन्यातून एकदा तरी प्रत्येक मुलीशी बोलायला काय हरकत आहे? निदेशकांचीही बाजू आहे, ती मी नाकारत नाही. पदं रिकामी असतात, एकाच माणसाकडे दोन-दोन तुकड्या असतात. 'आम्ही शिकवायचं की घरोघर फिरायचं?' असं एका सरांनी मला तोंडावर विचारलं. रास्त प्रश्न आहे. पण फोन करायला, घरी जायला गावातल्या बायका आहेत ना! बचत गट आहेत, अंगणवाडीताई आहेत. कॉलेजनं फक्त वेळेवर नाव कळवावं.

सरकारनं काही केलं नाही असं नाही. आयटीआयमध्ये मुलींसाठी तीस टक्के जागा राखीव आहेत. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, मराठा आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांमुलींसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. चांगलंच आहे. पण फी माफ झाली म्हणून राहायची सोय होत नाही, आणि योजना आहे म्हणून तिचा फॉर्म आपोआप भरला जात नाही. आईबाप शिकलेले नाहीत अशा घरातल्या मुलीला कुठला दाखला कुठे मिळतो, हे सांगणारी खिडकी कॉलेजातच हवी.

हे काही परदेशातून आणायचं ज्ञान नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा शाळेइतकीच काळजी त्यांनी मुलांच्या राहण्या-जेवणाची केली. 'कमवा आणि शिका' त्यातूनच आलं. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही. दाखल झालेलं पोर टिकलं पाहिजे, ही जाण त्या माउलीला होती.

आणि टिकलेल्या मुली काय करतात, तेही दाखवायला हवं. आज महावितरणमध्ये मुली खांबावर चढून काम करतात. अशी एखादी मुलगी पहिल्या वर्षाच्या पोरींसमोर तासभर बोलली, तर दहा व्याख्यानांचं काम होईल. पाहुणे म्हणून दरवेळी पुढाऱ्यालाच कशाला बोलवायचं?

मैत्रिणींनो, आपल्याला हळदीकुंकवाला, महिला दिनाला या संस्थांमध्ये बोलावतात. शाल-नारळ जरूर घ्या. पण प्राचार्यांना दोन आकडे विचारा: मागच्या वर्षी पहिल्या वर्षाला मुली किती होत्या आणि आज दुसऱ्या वर्षाला किती आहेत. मी विचारले तेव्हा आमच्या प्राचार्यांना लगेच सांगता आले नाहीत. पण त्यांनी रजिस्टर मागवलं आणि गळालेल्या मुलींची गावं माझ्यासमोर लिहून काढली. निम्म्याहून अधिक एकाच रस्त्यावरची निघाली!

त्या रस्त्यावरची शेवटची सोयीची एसटी पावणेपाचला सुटते आणि वर्कशॉप सुटतं पाचला. २०२१च्या दिवाळीपासून २०२२च्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप होता, तेव्हा त्या मुलींचं काय झालं असेल याची कल्पना करा. तिकिटात बायकांना निम्मी सवलत मार्च २०२३ पासून मिळाली, पण गाडीच नसेल तर सवलत कशावर घ्यायची? प्राचार्यांच्या सहीचा आणि अकरा गावांतल्या बायकांच्या सह्यांचा अर्ज आम्ही आगारप्रमुखांना दिलाय. गाडी अर्धा तास पुढे ढकला, एवढीच मागणी आहे. 'बघतो' म्हणालेत. येत्या सोमवारी पुन्हा जाणार आहोत, या वेळी मुलींना घेऊन.