खाडी वाचवा, पण खाडीवाल्यांसकट



मुलाकडे मस्कतला आले की अल् खुवैरहून आम्ही कुर्मच्या राखीव वनाकडे चक्कर मारतो. अरबीत ‘कुर्म’ म्हणजे खारफुटी. वादी अदईचं पाणी समुद्राला मिळतं तिथली ही तिवरं 1975 पासून संरक्षित आहेत. 2013 साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत त्यांचं नाव लागलं. आमच्या ठाण्याची खाडीही 2022 पासून त्याच यादीत आहे. पण कुर्मच्या कुंपणाआत मला कुणाची होडी दिसली नाही. ठाण्याच्या खाडीवर मात्र कोळीवाडेच्या कोळीवाडे जगत आले.

उल्हास नदीला चिंचोळ्या पाण्याने जोडलेल्या या खाडीचा सुमारे 1690 हेक्टर भाग 2015 साली रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झाला. तेव्हा कोळी बांधवांना धास्ती पडली, की आता जाळं टाकायला बंदी येणार. वास्तविक 1972 च्या वन्यजीव कायद्यातच, सागरी हद्दीतलं पाणी अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या धंद्याचं हित जपावं, असं म्हटलंय. कायदा शहाणा आहे, अंमलबजावणी तेवढी शहाणी हवी.

मी जन्मभर नर्सचं काम केलं. अंगावर सूज आलेल्या रोग्याला नातेवाईक म्हणतात, “बरा भरलाय हो!” खाडीचं तसंच आहे. रोहित पक्षी हजारोंनी दिसतात म्हणून आपण खूश. पण ते ज्या शेवाळावर जगतात ते सांडपाण्यावरही पोसतं, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे पक्षी वाढले म्हणून खाडी निरोगी झाली असं नाही. आमच्या दारावर येणारी कोळीण पाटीभर बोय आणायची, जिताडा असला तर आधी हाक मारायची. पुढे पुढे पाटी हलकी होत गेली. शहरांची गटारं आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं पाणी काही कोळ्यांनी सोडलेलं नाही. त्यात पुलांची कामं. वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलामुळे मासेमारीवर परिणाम होणाऱ्यांसाठी भरपाईचं धोरण करा, हे 2021 साली मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

मग संरक्षणाचा भार कुणावर? माझं म्हणणं, ज्याने बिघडवलं त्याच्यावर आधी. छोट्या होडीला नियम लावणं सोपं, गटाराला लावणं अवघड, म्हणून सोपं तेच करायचं असं होऊ नये.

चांगले दाखलेही आहेत. राज्याने 2017 साली कांदळवनाजवळच्या गावांसाठी उपजीविका योजना आणली: खेकडापालन, कालवं, पिंजऱ्यातला जिताडा, पर्यटन. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवून पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. झाड उभं राहिलं तर त्यांची चूल पेटते, मग राखणदार वेगळा कशाला हवा? ठाण्यातही पक्षी दाखवणाऱ्या होड्यांवर पहिला हक्क कोळ्यांचा असावा, आणि अभयारण्याचे निर्णय घेताना त्यांना बैठकीत खुर्ची असावी. पण हे जोडउत्पन्न झालं. त्याच्या बदल्यात जाळं काढून घेऊ नये, आणि पाणी स्वच्छ करणं तर टाळूच नये.

आपण म्हणाल, खेकडा आणि कालवं आपल्याला वर्ज्य, आपला काय संबंध? अहो, आपले पूर्वज कोकणात किनाऱ्याला लागले आणि याच लोकांच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या नांदले. पिल्लांवर बसलेल्या पक्षिणीला पिल्लांसकट धरू नये, असं तोरा सांगते. घरट्यातून घ्यायला मनाई नाही, पण पुढची वीण राहू द्या. खाडीतली मासळी कमी होताना सगळ्यात आधी कोळणीला कळलं. तिला बाहेर ठेवून खाडी कशी वाचेल, हे मला तरी समजत नाही.