मागे उभा राहणारा

पारोळ्याच्या भुईकोट किल्ल्यापलीकडच्या मोकळ्या जागेत संध्याकाळी पोरं फुटबॉल खेळतात. संघ पाडताना भांडण ठरलेलं. बॅकला कोण? सगळ्यांना पुढे खेळायचं असतं, गोल मारायचे असतात. शेवटी जो अंगानं थोराड आणि स्वभावानं गरीब, त्याला मागे ढकलतात. गेल्या आठवड्यात असाच ढकललेला सातवीतला मुलगा माझ्याशेजारी येऊन बसला आणि हिरमुसून म्हणाला, "काका, मांगे उभा राहीसन काय भेटस?"

मी त्याला महेश गवळीची गोष्ट सांगितली. गोव्याचा हा मुलगा जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत घडला आणि पुढे दहा वर्षांहून अधिक काळ भारताचा स्टॉपर, म्हणजे मधला बॅक, म्हणून खेळला. 2003 साली तो कोलकात्याच्या ईस्ट बंगाल संघात होता. जकार्त्यात आसियान क्लब स्पर्धेचा पहिलाच सामना थायलंडच्या बीईसी तेरो सासानाविरुद्ध 0-1 असा गेला. अंतिम सामन्यात, 26 जुलैला, पुन्हा तोच संघ समोर आला आणि ईस्ट बंगालनं तो 3-1 असा जिंकला. मी जपून ठेवलेल्या कात्रणात ओकोरो, बायचुंग भुतिया आणि अल्विटो डिकुन्हा ही गोल करणाऱ्यांची नावं आहेत. बचावफळीबद्दल एक ओळ नाही. तेव्हा ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं, आता मात्र फार खटकतं.

गोल अडला की तो कुठे लिहिला जात नाही. आघाडीवीर दहा वेळा चुकून अकराव्या वेळी गोल मारतो आणि खांद्यावर मिरवला जातो. बॅक दहा वेळा बरोबर खेळतो, अकराव्या वेळी एक पाऊल उशिरा पडतं आणि गावभर तेवढंच बोललं जातं. हे ओझं वर्षानुवर्षं पेलणं मला गोल मारण्याहून मोठं वाटतं.

पुढे गवळी गोव्याच्या धेंपो क्लबात गेला. प्रशिक्षक आर्मांदो कुलासोंच्या त्या संघानं 2007-08, 2009-10 आणि 2011-12 अशी तीनदा आय-लीग जिंकली. समीर नाईकही त्याच बचावफळीत होता. अशा जोडीत एकानं पुढे धाव घेतली की दुसऱ्यानं मागची जागा धरायची असते आणि ऑफसाइडची रेषा दोघांनी एकाच क्षणी वर न्यायची असते. एकाचा पाय रेंगाळला की दोघांचंही सगळं वाया.

आणि 2023 ची सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई, स्पर्धा! भारताचे मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांना लाल कार्ड मिळालं, म्हणून बंगळुरूच्या कांतीरवा मैदानात उपांत्य आणि अंतिम सामन्याला रेषेवर उभा होता सहायक प्रशिक्षक महेश गवळी. लेबनॉनला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवलं. 4 जुलैला कुवेतशी 1-1 अशी बरोबरी झाली आणि शूटआउट 5-4 असं जिंकलं. पाच सामन्यांत भारतावर दोनच गोल झाले, त्यातला एक तर आपल्याच खेळाडूकडून. गोलरक्षक गुरप्रीतनं शेवटची पेनल्टी अडवली तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो. पण मला आनंद झाला तो गवळीचा. आयुष्यभर मागे उभा राहिलेला माणूस त्या रात्री संघाच्या पुढे उभा होता.

मुलगा ऐकत होता, पण त्याचं लक्ष चेंडूकडे. मग उठलो आणि चपला काढून त्याच्यासमोर उभा राहिलो. छाती समोर करू नको, अंग तिरकं ठेव. गुडघे जरा वाकव, एक पाय मागे. नजर चेंडूवर, समोरच्या पोराच्या खांद्यांकडे बघशील तर हुलकावणी खाशील. अंगावर धावून जाऊ नको. दीड हात अंतर राखून मागे मागे सरक आणि त्याला कडेकडे ने. त्याचा चेंडू पायापासून जरा सुटला की पाय घाल.

तो गेला. किल्ल्याकडून एक चपळ पोरगा चेंडू घेऊन आला, डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला. थोराड पोरगं हललं नाही. तिरकं उभं राहून मागे सरकत राहिलं, सरकत राहिलं, आणि चेंडू दगडाच्या खुणेबाहेर गेला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यानं मात्र वळून माझ्याकडे पाहिलं.