बांधावरची विद्या

तक्षशिलेत सात वर्षे वैद्यक शिकलेल्या जीवकाला आचार्यांनी अखेरची परीक्षा घातली : नगराभोवती योजनभर फिरून, जी औषधी नाही अशी वनस्पती शोधून आणावी. जीवक रिकाम्या हाताने परतला आणि उत्तीर्ण झाला. पुढे तोच भगवान बुद्धांचा व भिक्खुसंघाचा वैद्य झाला. विनयपिटकातील ही कथा वर्गात सांगताना आम्हाला वढू बुद्रुकचे बांध आठवतात.

भीमाकाठच्या या रानात पाऊस पडला की टाकळा, कुर्डू, घोळ, तांदुळजा, पाथरी उगवते. शेतमालकाच्या लेखी ते तण. खुरपणीला जाणाऱ्या आमच्या आयांच्या लेखी ती संध्याकाळची भाजी. १९७२ च्या दुष्काळात अशाच पाल्यावर कित्येक घरे तगली. खुरपे लागले की एकदांडीचा पाला चोळून जखमेवर पिळावा, माक्याचा रस तेलात कढवून केसांना लावावा, नायट्यावर टाकळ्याचा पाला चोळावा, हे त्यांना कोणत्याही शाळेने शिकवले नव्हते. शाळेचे दारच ज्यांना बंद होते, त्यांनी ही विद्या जपली.

तरीही घोळीची भाजी आम्ही डब्याच्या झाकणाआड लपवून खाल्ली, हे कबूल केले पाहिजे. आज तीच भाजी रानभाजी महोत्सवात पैसे मोजून घेतली जाते.

भुकेचे गोडवे आम्हाला गायचे नाहीत. नाइलाजाने खाल्लेला पाला हा अन्यायाचा पुरावा आहे. परंतु त्या अन्यायाबरोबर आयांचे ज्ञानही टाकून देणे हा दुसरा अन्याय ठरेल. मात्र ऐकीव आहे किंवा परंपरागत आहे म्हणून काही स्वीकारू नये, हा कालामांना दिलेला उपदेश येथेही लागू आहे. घोळीत ओमेगा-३ स्निग्धाम्ले आहेत, तशी ऑक्झॅलेटेही आहेत. मुतखड्याच्या रुग्णाने ती जपून खावी. धोतरा विषारी आहे. सर्पदंशावर पाला बांधत बसू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे. तेथील प्रतिविषच जीव वाचवते. १९५० च्या दशकात पुणे परिसरात प्रथम आढळलेले गाजर गवत त्वचेला व श्वासाला बाधते. ते हातमोजे घालून, फुलण्यापूर्वी उपटून कंपोस्टात घालावे. तणनाशक फवारलेल्या उसाच्या बांधावरची भाजी तर खुडूच नये.

आमची सूचना साधी आहे. पावसाळ्यात घरी जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने आजीला विचारून एका तणाची नोंद वहीत करावी : नाव, ऋतू, उपयोग, धोका. विज्ञानशिक्षकांनी ती तपासावी, माजी विद्यार्थ्यांतील डॉक्टर व कृषी पदवीधरांनी दुरुस्त करावी. नोंदीखाली सांगणाऱ्या आजीचे संपूर्ण नाव लिहावे. ज्या गावात गोविंद गोपाळ महार यांची समाधी आहे, तेथे नाव नोंदले जाण्याचे मोल वेगळे सांगायला नको.