हेलियमची काटकसर

पाणी सांडलं तर त्याची वाफ होते, ढग होतात आणि कधीतरी पाऊस होऊन ते परत येतं. हेलियमचं तसं नाही. हा वायू इतका हलका, की एकदा हवेत सुटला की हळूहळू पृथ्वीची वेसच ओलांडून जातो. जमिनीखाली युरेनियम-थोरियमच्या किरणोत्सारातून तो कोट्यवधी वर्षं साठत आलेला असतो. नैसर्गिक वायूबरोबर तो वर काढतात.

मी मराठी माध्यमातला बी.ए. मी भौतिकशास्त्रात लुडबुड करू नये हे खरं. पण हा प्रश्न काटकसरीचा आहे, आणि ती आमच्या पिढीला शिकवावी लागत नाही.

१९०८ साली हॉलंडमधल्या लायडेन विद्यापीठात कामरलिंग ओनेस यांनी हेलियम प्रथम द्रवरूप केला. हा द्रव उणे २६९ अंश सेल्सिअसला उकळतो. एवढ्या थंडीमुळेच त्यांना १९११ साली अतिसंवाहकता सापडली. आजही कित्येक प्रयोगशाळांचं त्यावाचून अडतं. एक लिटर द्रव उकळला की साधारण ७५० लिटर वायू होतो. तो तसाच सोडून दिला तर कायमचा गेला. पण नळीने मोठ्या पिशवीत गोळा केला, दाबून सिलिंडरमध्ये भरला, शुद्ध करून पुन्हा द्रवरूप केला, तर तोच पुन्हा पुन्हा वापरता येतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अशी सोय आहे.

भारतात लागणारा जवळजवळ सगळा हेलियम बाहेरून येतो. २०१७ साली शेजारी देशांनी कतारची नाकेबंदी केली, तेव्हा तिथलं हेलियमचं उत्पादन काही काळ थांबलं होतं. दूरच्या भांडणाची झळ अशी प्रयोगशाळेपर्यंत पोचते.

द्रवीकरणाचं यंत्र महाग असतं, हा आक्षेप खरा. एकट्या लहान विभागाला ते परवडणार नाही. मग प्रत्येकाने वायू गोळा करून सिलिंडरमध्ये भरावा आणि शहरातल्या दोन-चार संस्थांनी मिळून एक यंत्र चालवावं. नवं उपकरण मंजूर करतानाच वायू गोळा करायच्या सोयीचे पैसेही त्याच अर्जात मंजूर करावेत. उपकरणाच्या उद्घाटनाला पाहुणे येतात, फीत कापतात. नळीची फीत कोण कापणार? म्हणून ती राहून जाऊ नये, एवढंच.

आज बी.एस्सी.ला असलेली मुलं उद्या संशोधन करतील, तेव्हा हेलियम काय भावाने मिळेल ते आपल्या हातात नाही. हातात आलेला तरी सोडू नये. तुम्हाला काय वाटतं?