अजिंठ्याची सहल: आधी दरी, मग लेणी



दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांत सहलीची चर्चा सुरू होते. ठिकाण अजिंठा ठरलं तर पुढचा कार्यक्रमही ठरलेलाच असतो. फर्दापूर फाट्यावर गाडी लावायची, तिथल्या बसने चार किलोमीटर आत जायचं, मग रांगेत १, २, १६, १७ ही लेणी, शेवटी २६ मधला निजलेला बुद्ध, की परत. घरी आल्यावर मुलांना विचारा, काय पाहिलं? "आत अंधार होता, चपला काढायला लावल्या." पोरांचं काही चुकत नाही. लेणी दरीत आहेत आणि ती दरीच आपण दाखवत नाही.

माझं मत असं की चौथीच्या पुढच्या वर्गांनी सहलीचा निम्मा वेळ वाघूर नदीची दरी चालण्याला द्यावा. दोन-तीन लेणी राहिली तरी चालेल.

वाघूरने इथे काळा कातळ घोड्याच्या नालेच्या आकारात कापला आहे. समोरच्या डोंगरावरच्या व्ह्यू पॉइंटवरून झाडीतल्या पायऱ्यांनी उतरायला लागलं की हा सगळा बाक एका नजरेत येतो. सुमारे ७५ मीटर उंच कडा आणि त्यात ओळीने तीस लेणी. वर्षावास हा शब्द आपण वर्गात समजावून सांगतो, मुलं पाठही करतात. पण पावसाचे महिने भिक्षूंनी इथेच का काढले, हे दरीत उभं राहिल्यावर विचारा. पाणी खाली, आडोसा वर, गर्दी लांब. उत्तर मुलंच देतील.

आज आपण एका लेण्यातून दुसऱ्यात ज्या वाटेने जातो ती अलीकडची आहे. पूर्वी लेण्यांतून थेट नदीपर्यंत उतरणाऱ्या स्वतंत्र पायऱ्या होत्या. १६ क्रमांकाच्या लेण्याचा नदीकडून वर येणारा दरवाजा अजून आहे, दोन्ही बाजूंना दगडी हत्ती. म्हणजे नदी हे या वसतीचं अंगण होतं, आणि आपण मुलांना नेतो कुठून, तर माडीच्या गॅलरीतून!

चित्रांचंही तसंच. भिंतीवरचा गिलावा माती, भाताचं तूस आणि वनस्पतींचे धागे मिसळून केलेला. लाल-पिवळे रंग मातीदगडांतले, निळा मात्र अफगाणिस्तानाकडून आलेल्या लाजवर्दाचा. परिसर अभ्यास, इतिहास, भूगोल, चित्रकला असे चार तास एकाच वाटेवर होतात. मग वेगळा 'उपक्रम' कशाला शोधायचा?

पालकांची काळजी मला कळते. पोरगं घसरेल, माकडं हातातला डबा ओढतील, मोहोळ उठेल. यातलं काहीच खोटं नाही. म्हणून श्रावणात नको; दरी तेव्हा हिरवीगार असते, पण दगड निसरडे. डिसेंबरात नदीची धार बारीक होते, काही मुलं हिरमुसतात, पण तेव्हाच कातळाचे थर बोटाने मोजता येतात. आणि एक गोष्ट लक्षात घ्या, आपल्यातल्या कित्येक मुलांची अजिंठ्याची ही पहिली आणि कदाचित एकमेव भेट असते. त्यासाठी घरच्यांनी पैसे साठवलेले असतात.

मुलांना वर व्ह्यू पॉइंटला सोडा आणि गाडी खाली फर्दापूरला पाठवा, म्हणजे फक्त उतरायचं राहतं. तिकिटांचं आधीच विचारून ठेवा. सोमवारी लेणी बंद असतात, हे दरवर्षी कोणीतरी विसरतंच. मोहोळांसाठी अत्तर नको, आरडाओरडा नको. खाऊ पाठीवरच्या पिशवीत, हातात नको. संमतिपत्रावर 'डोंगर उतरून चालणे' असं स्वच्छ लिहा. आणि पालकहो, सहलीसाठी नवे बूट घेऊ नका, पायात रुळलेले जुनेच घाला.