पेढीची किल्ली आणि संगणकाचा गाभा

बोरी अरबसारख्या बाजारगावात आज किराणा, कापड वा बी-बियाण्यांचे कोणतेही दुकान घ्या, गल्ल्याजवळ क्यूआर कोडचा फलक असतोच. ग्राहकाने पैसे पाठवले की दुकानदाराच्या फोनवर जमेची सूचना येते. या व्यवहारात बँक दिसते, फोन दिसतो. ज्याच्या आधारे फोनचे प्रत्येक काम चालते तो गाभा मात्र कोणालाच दिसत नाही. त्याला ‘कर्नेल’ म्हणतात. कर्नेल म्हणजे बीजातील गर. सरकीचे मोल तिच्या आतील गरात असते, हे कापसाच्या मुलखातील व्यापाऱ्यांना वेगळे सांगावयास नको.

जगातील बहुसंख्य स्मार्टफोन अँड्रॉइडवर चालतात आणि अँड्रॉइडचा गाभा ‘लिनक्स’ आहे. हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये त्याचा आरंभ केला. आज देशोदेशींचे हजारो अभियंते तो सांभाळतात. त्यांच्या कामातील दोन कर्तव्ये व्यापारी कुटुंबांना सहज समजतील अशी आहेत. एक, जुना शब्द न मोडणे. दुसरे, एका वेळी एकाच्याच हाती किल्ली देणे.

रुळांची रुंदी

बोरी अरब ज्या दारव्हा तालुक्यात आहे, त्या दारव्ह्यावरून यवतमाळ–मूर्तिजापूर ही ‘शकुंतला’ची अरुंद लोहवाट जात असे. वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराकडे नेण्यासाठी ‘किलिक निक्सन’ या ब्रिटिश पेढीच्या पुढाकाराने ती बांधली गेली. तिच्या रुळांमधील अंतर अडीच फूट, तर मूर्तिजापूरच्या मुख्य मार्गाचे साडेपाच फूट. त्यामुळे छोट्या डब्यातील गाठी तेथे उतरवून मोठ्या डब्यात चढवाव्या लागत. रुंदी जुळली नाही की माल तोच असूनही खोळंबतो.

संगणकातही अशीच रुंदी असते. पूर्वीची यंत्रे ३२ बिटांची होती, पुढे ६४ बिटांची आली. जुन्या रुंदीसाठी लिहिलेले हिशेबाचे सॉफ्टवेअर नव्या यंत्रावर चालावे म्हणून कर्नेलमध्ये एक स्वतंत्र थर ठेवलेला असतो. जुन्या कार्यक्रमाची मागणी तो नव्या मापात बदलून घेतो आणि उत्तर पुन्हा जुन्या मापात परत करतो. मूर्तिजापूरच्या फलाटावर हमाल जे काम करीत, तेच हा थर सेकंदाला हजारो वेळा करतो आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. कर्नेल सुधारताना चालू असलेला कार्यक्रम बंद पडता कामा नये, हा टॉरवाल्ड्स यांचा दंडक आहे. नवी रचना कितीही उत्तम असली तरी जुन्याला दिलेला शब्द मोडत असेल, तर ती मागे घेतली जाते.

या शब्दाची एक मोठी कसोटी दिनांकाची आहे. लिनक्समध्ये वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतात. ३२ बिटांच्या जुन्या मापात २,१४,७४,८३,६४७ पर्यंतचाच आकडा मावतो. तो १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरेल. पुढच्याच सेकंदाला असे जुने यंत्र डिसेंबर १९०१ मधील तारीख दाखवील. जर्मन अभियंते आर्न्ड बर्गमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे कर्नेलचा कोपरान्‌कोपरा तपासून ही उणीव दूर केली. मार्च २०२० मध्ये आलेल्या ५.६ या आवृत्तीपासून ३२ बिटांची यंत्रेही २०३८ ओलांडण्यास सज्ज झाली.

एकेरी मार्गावर एक गाडी

एकेरी रेल्वेमार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून चालकाजवळ ‘टोकन’ देण्याची पद्धत आहे. टोकन एकच असते. ज्याच्या हाती ते, त्याचीच गाडी पुढे जाते. डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी हेच तत्त्व संगणकात आणले आणि त्यास रेल्वेच्या सिग्नलचेच ‘सेमाफोर’ हे नाव दिले.

याची गरज का पडते, हे खतावणीवरून ध्यानात येईल. एका खात्यावर १०,००० रुपये शिल्लक आहेत. एक मुनीम २,००० जमा करावयास बसला, त्याच क्षणी दुसरा ३,००० नावे टाकावयास बसला. दोघांनीही शिल्लक १०,००० वाचली. पहिल्याने १२,००० लिहिले. दुसऱ्याने त्यावर ७,००० लिहिले. खरी शिल्लक ९,००० हवी होती. दोघेही प्रामाणिक, दोघांची वजाबाकी-बेरीज अचूक, तरी दोन हजार रुपये बुडाले. आजच्या फोनमध्ये असे अनेक मुनीम, म्हणजे प्रक्रियाकाची अनेक केंद्रे, एकाच वेळी लिहीत असतात.

लिनक्सने १९९६ मध्ये अनेक प्रक्रियाकांची यंत्रे चालवण्यास आरंभ केला, तेव्हा उपाय सोपा होता. साऱ्या कर्नेलला एकच मोठे कुलूप. सुरक्षितता लाभली, पण एक मुनीम आत असेपर्यंत बाकीचे दाराशी ताटकळत. पुढे प्रत्येक वहीला वेगळे कुलूप लावण्याचे काम सुरू झाले. ते मोठे कुलूप पूर्णपणे निघण्यास मे २०११ उजाडले. तेथेही अखेरचा मोठा वाटा बर्गमान यांचाच होता.

लहान कुलपांचा धोका वेगळा आहे. एकाने रोजकीर्द धरून ठेवली आणि तो खतावणीची वाट पाहत बसला, दुसऱ्याने खतावणी धरली आणि तो रोजकीर्दीसाठी थांबला, तर दोघेही जन्मभर बसून राहतील. उपाय शिस्तीचा आहे. प्रत्येकाने आधी रोजकीर्द, मग खतावणी याच क्रमाने हाती घ्यावी. कर्नेलमध्ये अशी हजारो कुलपे आहेत. त्यांचा क्रम कोठे उलटतो आहे काय, यावर नजर ठेवणारी व्यवस्था इंगो मोल्नार यांनी २००६ मध्ये जोडली. कोंडी प्रत्यक्ष होण्यापूर्वीच ती धोक्याची सूचना देते.

अकरा वर्षांनी झालेली दुरुस्ती

जुना शब्द आणि कुलपाची शिस्त ही दोन कर्तव्ये कधी कधी एकमेकांच्या आड येतात. अनेक कार्यक्रम स्मृतीचे एकच पान वाचत असतात. एखाद्याला त्यात बदल करावयाचा असल्यास कर्नेल त्याला निराळी प्रत काढून देते आणि मूळ पान अबाधित राखते. प्रत काढणे आणि लिहिणे यांच्यामधील अतिसूक्ष्म क्षणात फट होती. ती साधली, तर केवळ वाचण्याची परवानगी असलेल्या मूळ पानावरच लिहिता येत असे.

टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्येच ती बुजवण्याचा प्रयत्न केला होता. परंतु त्या दुरुस्तीमुळे ‘आयबीएम’च्या मोठ्या यंत्रांवर अडचण आली आणि ती मागे घेण्यात आली. तेव्हा ही फट साधणे जवळजवळ अशक्य वाटत होते. यंत्रे वेगवान झाली, कर्नेल बदलत गेले आणि अशक्य ते शक्य झाले. २०१६ मध्ये फिल ओएस्टर यांना एका सर्व्हरवर या फटीचा गैरवापर प्रत्यक्ष आढळला. त्याच ऑक्टोबरमध्ये दुरुस्ती झाली. ‘डर्टी काऊ’ या नावाने गाजलेल्या या दोषातून अँड्रॉइड फोनही सुटले नव्हते. आपला पहिला प्रयत्न फसला होता, हे टॉरवाल्ड्स यांनी त्या दुरुस्तीच्या टिपणातच नोंदवून ठेवले. तो मजकूर आजही कोणालाही वाचता येतो.

अशा कामात मराठी मुलखाचाही हात आहे. चालू कर्नेल मध्येच थांबवून आतील अडथळा शोधता यावा यासाठीचे ‘केजीडीबी’ हे साधन पुण्यातील अमित काळे यांनी अनेक वर्षे मुख्य प्रवाहाबाहेर राहून सांभाळले. २००८ मध्ये त्या साधनाला लिनक्सच्या मुख्य कर्नेलमध्ये स्थान मिळाले.

दुकानदाराने काय पाहावे

कर्नेलमधील दुरुस्ती झाली म्हणजे ती दुकानातील फोनपर्यंत पोहोचली, असे नाही. फोन बनवणाऱ्या कंपनीने ती पुढे पाठवावी लागते आणि मालकाने ती स्वीकारावी लागते. म्हणून व्यवहारासाठी फोन घेताना सुरक्षा अद्यतने किती वर्षे मिळतील, हे किमतीइतक्याच काळजीने विचारावे. ज्या फोनची अद्यतने बंद झाली, तो घरात मुलांच्या अभ्यासास चालेल. पेढीचे बँक खाते त्यावर ठेवू नये.

बिलाच्या संगणकात बदल करण्यापूर्वी हिशेबाची प्रत निराळ्या ठिकाणी काढून ठेवावी. जुने बिलिंग यंत्र वापरात असल्यास ते २०३८ नंतरची तारीख घेते काय, हे विक्रेत्याकडून तपासून घ्यावे. हा प्रश्न दूरचा नाही. आज पंधरा वर्षांच्या मुदतीचे कर्ज काढले, तर त्याचा अखेरचा हप्ता त्या तारखेच्या पलीकडे पडतो.