संध्याकाळ कोणाची?

मुलांच्या हातातील मोबाईल हा आज सुशिक्षित घरांतील नित्याच्या तक्रारीचा विषय झाला आहे. वडीलधारी मंडळी त्यास व्यसन म्हणतात, मुलाला चार शब्द सुनावतात आणि मुलाची पाठ वळताच आपल्या मोबाईलमध्ये डोके खुपसतात. १० डिसेंबर २०२५ पासून ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते बाळगण्यास मनाई केली. तेव्हापासून असा कायदा आपल्याकडेही हवा, असा सूर निघू लागला आहे. हेतू चांगला आहे. परंतु निदानाआधी औषध पाजण्याची घाई आम्हांस पसंत नाही.

हा प्रश्न आता केवळ पुण्या-मुंबईचा उरलेला नाही. ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, असे ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत आढळले. त्याच पाहणीनुसार आदल्या आठवड्यात ५७ टक्क्यांनी तो अभ्यासासाठी वापरला, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. पण त्यामुळे आयुष्यातील समाधान नष्ट होते काय? ब्रिटनमधील १२ हजारांहून अधिक मुलांच्या माहितीवर आधारलेल्या २०१९ च्या अभ्यासाचे उत्तर सावध आहे. परिणाम आढळला तो अल्प आणि दुहेरी: विशेषतः मुलींच्या बाबतीत वापर वाढला की समाधान किंचित घटते, आणि समाधान घटले की वापर किंचित वाढतो. सरासरी अल्प म्हणून निर्धास्त राहता येत नाही, कारण सरासरीच्या आड एखाद्या मुलाची मोठी हानी लपलेली असू शकते. परंतु सारे दुःख मोबाईलच्या माथी मारणेही खरे नव्हे. मूल आधीच कशाने तरी उदास असू शकते, हे या अभ्यासातून घ्यावयाचे.

मग ते मोबाईल खाली का ठेवीत नाही? शिकागो विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. चार आठवडे एकट्याने टिकटॉक बंद ठेवण्यासाठी विद्यार्थी सरासरी ५९ डॉलर मागत होते. मात्र आपल्याबरोबर इतरांचेही बंद होणार असेल, तर तेच विद्यार्थी सरासरी २८ डॉलर पदरचे मोजण्यास राजी होते! या एका गोष्टीत रोगाचे मर्म आहे. मुलाला मोबाईलची गोडी असेल. त्याहून मोठी आहे ती सोबत्यांत एकटे पडण्याची धास्ती. ही धास्ती चार शब्द सुनावून जात नाही.

हे मर्म सांगली जिल्ह्यातील एका खेड्याने अर्थशास्त्रज्ञांच्या आधी ओळखले. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे १५ ऑगस्ट २०२२ पासून सायंकाळी सातला भोंगा वाजू लागला. साडेआठच्या दुसऱ्या भोंग्यापर्यंत गावातील टीव्ही व मोबाईल बंद. मुले अभ्यासाला बसत. त्या भोंग्याचे सामर्थ्य आवाजात नव्हते, ते सर्वांना लागू असण्यात होते. शेजारचा मित्रही ‘ऑनलाइन’ नाही आणि वडीलही नाहीत, म्हटल्यावर मुलाचे काही बुडत नव्हते.

आता आपल्या शिरूर-दौंडकडे पाहू. शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत दोन मुलांसह तिघांचे प्राण गेले. उसाच्या फडाला लागून घर असलेली कोणती आई दिवेलागणीनंतर मुलाला अंगणात सोडील? रांजणगाव आणि कुरकुंभ येथील कारखान्यांची पाळी, दौंडची रेल्वे आणि राज्य राखीव पोलीस दल यांत कितीतरी घरांतील कर्ता माणूस संध्याकाळी घराबाहेर असतो. अंगण बंद, वडील कामावर, आई चुलीपाशी. मुलाच्या वाट्याला उरतो तो पडदा. अशा मुलाचा मोबाईल हिसकावून त्याच्या हाती काहीच न देणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

म्हणून आमचे सांगणे असे की, बंदीची चर्चा करण्यापूर्वी संध्याकाळची व्यवस्था करा. शिरूर व दौंड येथील नगरपरिषदांनी आणि दोन्ही तालुक्यांतील ग्रामपंचायतींनी दीड तासाची सामायिक वेळ ठरवावी. त्या वेळेत शाळेची एक खोली व गावातील वाचनालय उघडे असावे, तेथे एक जाणता माणूस बसावा, तेथवरच्या वाटेवर दिवे असावेत आणि बिबट्याच्या गावांत मुलांना ने-आण करण्याची पाळी मोठ्यांनी लावून घ्यावी. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा राज्याने १९६७ मध्येच केला आहे. ग्रंथालयाचे दार मुलांच्या सोयीच्या वेळी उघडे ठेवण्यास नव्या कायद्याची गरज नाही. बोट थकले तरी न संपणारा पडदा रचणाऱ्या कंपन्यांना वेसण सरकारने घालावी. ते काम सरपंचाचे नव्हे.

पुण्यातील वाचकांनी हा उपदेश खेड्यांपुरता समजू नये. येथील गृहसंकुलांत दिवे आहेत, मैदानेही थोडीफार आहेत. सात वाजता सर्व घरांनी एकत्र मोबाईल बाजूला ठेवावा, एवढा निश्चय मात्र नाही. तो मुलांकडून मागण्याचा अधिकार आधी आपण स्वतः तो पाळूनच मिळवावा लागेल.